देवी निजली असताना

चालकाने भोंग्याकडे गेलेला हात मध्येच आवरला आणि पायी चालणाऱ्यांच्या मागून गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे घेतली. वाहकानेही घंटेची दोरी ओढली नाही; दाराच्या पत्र्यावर त्याने तळहाताने एकदाच हलकेच थापटले, तेवढ्याने गाडी थांबली. पहिल्या आसनावर बसलेल्या मिनिटकाकांनी हे सारे पाहिले, पण त्याचा अर्थ लावण्याची सवड त्यांना नव्हती. त्यांनी मनगट उलटे केले. आठ वाजून एकेचाळीस मिनिटे. वेळापत्रकाप्रमाणे आठ चाळीस. मग पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीत हात घालून तळाशी टॉवेलात गुंडाळलेले गजराचे घड्याळ त्यांनी चाचपले आणि कान खाली नेऊन ते चालू असल्याची खात्री करून घेतली. प्रवासात मनगटावरच्या घड्याळाला एक साक्षीदार हवा, असे त्यांचे मत होते.

"उतरायचं ना?" काकू म्हणाल्या.

खिडकीशी बसलेल्या काकूंचे डोळे सताड उघडे होते. पहाटेपासूनच्या साडेतीन तासांच्या प्रवासात गाडीतली बाकीची माणसे एकमेकांच्या खांद्यांवर माना टाकून निजली होती. काकू मात्र ताठ बसून समोरचा रस्ता पाहत आल्या होत्या, जणू गाडी त्यांच्याच जागेपणावर चालली होती.

मिनिटकाका चौतीस वर्षे एका बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांचे येणे-जाणे त्यांच्या पेन्सिलीच्या टोकावर चाले. लग्नासाठी मुलगी पाहायला या, असा निरोप सासऱ्यांनी धाडला, तेव्हा त्यांनी उलट 'किती वाजून किती मिनिटांनी' असे विचारले होते. ती गोष्ट नातेवाइकांत इतकी पसरली की त्यांचे मूळ नाव मागे पडले आणि हे चिकटले. काकू रुग्णालयात परिचारिका होत्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत ड्यूटीवर त्यांचा डोळा एकदाही लागला नव्हता, असे त्यांच्याबरोबरच्या बायका सांगत आणि मिनिटकाका ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत.

गेले पाच महिने मात्र काकूंचा डोळा कुठेच लागत नव्हता. प्रथम वाटले, वयाचे असेल. मग एके दिवशी दूध उतू जाऊन विझलेली शेगडी तशीच राहिली आणि घरभर गॅसचा वास पसरला. गेल्या पंधरवड्यात तर काकू भाजी आणायला गेल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ट्रक करकचून थांबला तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. वैद्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्या मिनिटकाकांना गच्चीवरच्या कुंडीत मातीखाली सापडल्या, सोळाच्या सोळा. जाब विचारल्यावर काकू एवढेच म्हणाल्या की, गोळी घेतलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही.

कोणाची हाक, हे त्यांनी विचारले नाही. त्यांना ठाऊक होते.

देवीच्या उत्सवाला जाण्याचे काकूंनीच काढले. आयुष्यात कधी उपास न केलेली ही बाई एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, मला तिच्याशी समोरासमोर बोलायचंय, एकदाच. त्या स्वरात भक्ती नव्हती. एखाद्या वरिष्ठाकडे तक्रार घेऊन जाणाऱ्या माणसाचा तो स्वर होता, आणि म्हणूनच मिनिटकाकांना धास्ती वाटली. देवीसमोर उभी राहून ही काय बोलेल? आणि उत्तर न मिळता परतली, तर पुढे तिला कुठे न्यायचे? तरी त्यांनी प्रवास आखला, कारण आखणे एवढेच त्यांच्या हाती होते. एका कागदावर सगळे मांडले. आठ चाळीसला आगमन. दहा वाजून बारा मिनिटांनी देवीचे जागे होणे आणि दर्शन. दुपारी दोनला परतीची गाडी. उत्सवामुळे पुढच्या नऊ दिवसांत एकही आसन रिकामे नव्हते, ही दोन जेमतेम मिळाली होती. आणि उद्या सकाळी साडेनऊला निद्रारोगाच्या मोठ्या डॉक्टरांची भेट, जिच्यासाठी अडीच महिने थांबावे लागले होते. देवी आणि डॉक्टर यांच्यामध्ये त्यांनी तेवीस तास अठरा मिनिटांचा अवकाश ठेवला होता. तो पुरेसा होता.

महाद्वाराशी चपला काढताना त्यांना पहिली शंका आली. उत्सवाचा दिवस, आणि एवढी शांतता? माणसे होती, पुष्कळ होती. पण सगळी दबक्या पावलांनी वावरत होती. फुलवाली हाका मारण्याऐवजी परडी उंच धरून भुवया उडवीत होती. कमानीतल्या घंटांच्या लोळ्यांना जाड कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. अंगणातल्या प्रचंड नगाऱ्यावर घोंगडी पांघरलेली होती आणि वाजवणारे दोघे त्याला टेकून पेंगत होते. द्वारपालाने मिनिटकाकांच्या खोकल्याकडे वळून ओठांवर बोट ठेवले.

गाभाऱ्यात सिंहासन रिकामे होते.

तिथे एक मध्यमवयीन पुजारी समया घासीत बसले होते. मिनिटकाकांनी त्यांना अदबीने दर्शनाची रांग कुठून लागते ते विचारले. पुजाऱ्यांनी मान हलवली. दर्शन आज नव्हे, उद्या.

"उद्या कसं?" मिनिटकाकांनी पिशवीतून पंचांग काढले. पानाला खूण होती, ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. "प्रतिपदा आज लागते. दहा वाजून बारा मिनिटांनी. हे बघा."

पुजाऱ्यांनी पंचांगाकडे पाहिले नाही. ते त्यांच्याकडेच पाहत राहिले, जसे एखाद्या शहाण्या माणसाला उन्हात छत्री मिटून चाललेले पाहावे.

"लागते की. पण आज सूर्य उगवला तेव्हा कोणती तिथी होती?"

"अमावास्या."

"मग आजचा दिवस अमावास्येचा. तिथी कधीही लागो, दिवस तिचा, जी उगवत्या सूर्याला हजर. उद्या उजाडताना नगारा झडेल, आईला उठवू, सिंहासनावर बसवू. गेले आठ दिवस ती शेजघरात निजली आहे. उत्सवाआधीची झोप असते तिची. हळू बोला."

मिनिटकाकांचे बोट त्या रेघेवरच राहिले. घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत उत्सवाचा दिवस उद्याचाच छापला होता. काकूंनी ते दाखवलेही होते, आणि त्यांनी हसून समजावले होते की फलकावर कधी विसंबू नये, मूळ नोंद पाहावी; छापणारे ढोबळमानाने छापतात, खरे मिनिट पंचांगात असते. चौतीस वर्षे हा नियम त्यांना तारीत आला होता. आज त्याच नियमाने त्यांना एका बंद दारापुढे आणून उभे केले होते.

ते काकूंकडे वळले. त्यांना वाटले, आता ती बोलेल. चारचौघांत बोलली तरी चालेल. पण काकूंनी फक्त पंचांग त्यांच्या हातातून घेतले, मिटले आणि परत दिले.

"तिथीला गाडी समजलात," त्या हलकेच म्हणाल्या. "आली की दार उघडलं."

त्यात राग नव्हता. रागाचीही ताकद उरली नसावी. दोनची गाडी होती. डॉक्टरांची वेळ होती. दर्शनासाठी उद्यापर्यंत थांबणे म्हणजे दोन्ही घालवणे, आणि न थांबणे म्हणजे काकूंना हात हलवीत परत नेणे. त्यांनी मनातल्या मनात कागद पुन्हा मांडून पाहिला. तो कुठूनही जुळेना. शेवटी काकूच म्हणाल्या की, गाडीपर्यंत वेळ आहे तर बसू. ती आत झोपलीय, आपण बाहेर बसू.

शेजघर सभामंडपाच्या उजव्या अंगाला होते. त्याचे दार बंद होते आणि दारावर जाड पडदा होता. दाराशेजारच्या भिंतीला एक भोक पाडले होते, त्यातून एक सुती दोरी बाहेर आली होती. दोरीचे टोक धरून साठीपलीकडची एक बाई भिंतीला टेकून बसली होती. ती दोरी ओढी आणि सैल सोडी. ओढी आणि सैल सोडी. आत कुठेतरी झालरीचा पंखा डोलत असणार, कारण दर खेपेस पडद्याची कड किंचित हले. पंखेवालीने पाय आखडून त्यांना जागा करून दिली.

मिनिटकाकांनी पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली. एकटक मनगट पाहताना दहा वाजून बारा मिनिटे झाली. सेकंदाचा काटा बारावरून पुढे सरकला. खांबावरचे एक कबुतर या पायावरून त्या पायावर झाले. याखेरीज काहीही घडले नाही.

काकू त्या दोरीकडे पाहत होत्या. मग त्यांनी रुग्णालयातल्या स्वरात विचारले की ड्यूटी किती तासांची. पंखेवालीने सांगितले, उजाडल्यापासून माध्यान्हीपर्यंत ती, मग तिची जाऊ, मग नणंद. आठ दिवस पंखा थांबत नाही. सासूची सासूही इथेच बसत असे. काकूंनी खांदा दुखतो का विचारले. दुखतो, पण तो काय, नवराही दुखवायचा, असे म्हणून पंखेवाली तोंडावर पदर धरून हसली. मिनिटकाकांनी पंचांग उघडून डोळ्यांसमोर धरले. त्यातले एक अक्षरही ते वाचीत नव्हते.

"तुम्हाला कधी डुलकी लागते का हो, इथं बसल्याबसल्या?" काकूंनी विचारले.

"लागते की. कितीदा."

"मग?"

"मग काय? दोरी सुटते हातातून. शेजारची कुणी ढोसते. परत धरायची."

"आणि ती? पंखा थांबला म्हणून उठत नाही?"

"अजून तरी उठली नाही."

दोरी चार वेळा गेली आणि आली. मग काकू बोलू लागल्या, आणि मिनिटकाकांच्या हातातले पंचांग जड झाले. कारण हे त्यांनी पाच महिन्यांत काकूंच्या तोंडून कधी ऐकले नव्हते; त्यांना जे ठाऊक होते, ते त्यांनी पाच महिन्यांपूर्वी एका दुपारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते. काकूंना आई आठवत नव्हती. थोरल्या बहिणीने, ताईने, त्यांना वाढवले. ती ताई अंथरुणाला खिळली तेव्हा काकूंनी तिला आपल्या घरी आणले. अकरा दिवस काकू खुर्चीवरून उठल्या नाहीत. बाराव्या दिवशी दुपारी त्यांची मान कलली. डोळे उघडले तेव्हा ताई गेलेली होती; तिचा हात पलंगाबाहेर आला होता. उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला खाली सतरंजीवर आडवा पडला होता. सतरंजी मऊ असल्याने आवाज झाला नव्हता.

"पाणी हवं होतं तिला," काकू म्हणाल्या. "हाक मारली असेल. सात मिनिटं झोपले मी."

सात मिनिटे. मिनिटकाकांनी पान उलटले. त्या दुपारी बाजारातून आल्यावर, चप्पल पायात असतानाच, त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता: किती वेळ डोळा लागला होता? दुसरा काहीच प्रश्न सुचला नाही, म्हणून विचारला होता. जन्मभर तोच विचारीत आल्यामुळे विचारला होता. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून हिशेब केला होता आणि उत्तर दिले होते. त्यांनी विचारले नसते तर ती केवळ एक डुलकी राहिली असती. तिला मिनिटे त्यांनी लावली.

"मला तिला एवढंच विचारायचं होतं," काकूंनी बंद दाराकडे हनुवटी केली, "की मी झोपले ते झोपले. तू कुठं होतीस?"

पंखेवालीने दोरी या हातातून त्या हातात घेतली.

"माझा माणूस गेल्या वर्षी गेला," ती म्हणाली. "याच आठ दिवसांत. घरी गेला, आणि मी इथं, दोरी हातात धरून. निरोप आला तर हाक मारायलाही कुणी धजेना. हळूच येऊन कानात सांगितलं."

"मग? विचारलंत तिला?"

"विचारणार होते की. उजाडलं, नगारा झडला, दार उघडलं. सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, आज सोडत नाही."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? डोळ्यांवर झोप होती तिच्या अजून." पंखेवालीने दोरी ओढली. "नुकत्या उठलेल्या माणसाला काय बोलायचं, बाई? तोंड धुवायला पाणी दिलं."

काकू तिच्याकडे पाहत राहिल्या. मग दाराकडे. पडद्याची कड हलली आणि स्थिर झाली. मिनिटकाका पंचांगाआडून पाहत होते; काकूंचा ओठ थरथरतो आहे की त्यांना हसू येते आहे, हे त्यांना ठरवता येईना. इतक्या वर्षांत हा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

"म्हणजे ती पण झोपते," काकू म्हणाल्या.

"आठ दिवस सलग. आपल्याला कुठं तेवढं मिळतंय."

ऊन खांबाच्या पायथ्यापर्यंत आले. काकूंनी गुडघे सरळ केले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, जरा पाठ टेकते. आणि पिशवी ओढून घेऊन, तिच्यावर डोके ठेवून, दाराकडे तोंड करून फरशीवर आडव्या झाल्या. डोळे उघडेच होते. मिनिटकाकांनी घड्याळ पाहिले, अकराला तीन कमी. पुन्हा पाहिले तेव्हा अकरा वाजून चार मिनिटे झाली होती. आणि काकूंचे डोळे मिटलेले होते.

त्यांचा विश्वास बसेना. झुकून त्यांनी नाकाजवळ हाताची मागची बाजू धरली. श्वास येत होता. खोल, सावकाश, दोरीच्या ओढण्या-सोडण्याशी जवळजवळ मिळता. पंखेवालीने डोळ्यांनीच त्यांना दटावले: हात काढा.

ते बसून राहिले. पहिला तास त्यांनी केवळ भीतीने घालवला. कोणी खोकले की ते वळून ओठांवर बोट ठेवीत. समया घेऊन जाणाऱ्या पुजाऱ्यांकडे त्यांनी असे पाहिले की ते बिचारे पावले उचलून वळसा घालून गेले. माध्यान्ह झाली. पंखेवालीची जाऊ आली. तिला काकू दाखवून, खुणेने काहीतरी सांगून, पंखेवालीने परत पाठवले आणि दोरी स्वतःकडेच ठेवली. काकू कुशीवरून हलल्या नाहीत. एका हाताची मूठ हळूहळू उलगडली आणि तळवा वर झाला.

एकाला पाच मिनिटे कमी असताना मिनिटकाकांनी ठरवले की सव्वापर्यंत झोपू द्यायचे. स्थानक वीस मिनिटांच्या अंतरावर. दोनची गाडी, म्हणजे एक वीसला निघालो तरी पुरे. त्यासाठी तर त्यांनी गजर…

त्यांनी पिशवीकडे पाहिले.

गजर एक वाजून वीस मिनिटांचा लावलेला होता. घड्याळ पिशवीच्या तळाशी होते. पिशवी काकूंच्या डोक्याखाली होती.

त्या घड्याळाला डोक्यावर पितळेच्या दोन वाट्या होत्या आणि मध्ये एक हातोडी. स्थानकावरच्या टेबलावरून ते एकदा पडले, तेव्हापासून गजर बंद करण्याची खिट्टी निकामी झाली होती. वाजू लागले की हातोडी बोटाने धरून ठेवावी लागे. झोपलेल्या चालकांना उठवण्यासाठी घेतलेले ते घड्याळ होते. त्याचा आवाज चार खोल्यांपलीकडे जाई. या सभामंडपात, जिथे घंटांच्या लोळ्यांना चिंध्या बांधल्या होत्या आणि नगारा घोंगडीखाली होता, तो कुठवर जाईल, याचा विचार त्यांनी अर्ध्यावर सोडला.

त्यांनी पिशवीकडे दोन्ही हात नेले आणि मागे घेतले. पंखेवालीने भुवया उंचावल्या. त्यांनी पिशवीकडे बोट केले, मग कानाशी हात नेऊन बोटे थरथरवली. तिला प्रथम कळले नाही. कळले तेव्हा तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलू लागले. मग तिने शेजघराच्या दाराकडे पाहिले आणि तिचे हसू ओसरले.

पिशवी ओढून घ्या, असे तिने हाताने सुचवले. त्यांनी मान हलवली. काकूंना हाक मारा. त्यांनी त्याहून जोरात मान हलवली. आणि त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आले की हे सगळे करण्याची गरजच नव्हती. काकूंना आताच उठवले की गजराचा प्रश्न मिटत होता. गाडी मिळत होती, डॉक्टरही मिळत होते. निद्रारोगाच्या डॉक्टरांपर्यंत पोचण्यासाठी तिला फक्त झोपेतून उठवायचे होते.

ते पिशवीशेजारी फरशीवर पालथे झाले. सदुसष्ट वर्षांचे गुडघे करकरले. त्यांनी दात आवळले. पिशवीचे तोंड काकूंच्या मानेच्या बाजूला होते. त्यांनी उजव्या हाताची बोटे आत सरकवली. एक इंच, थांबले. डबा लागला, त्याला वळसा घातला. देवीसाठी आणलेल्या वस्त्राची घडी लागली, नवी, कडक. ती कुरकुरली तसे त्यांनी श्वास रोखला. काकूंच्या डोक्याचा भार आता त्यांच्या कोपरापुढच्या हातावर आला होता. भार किती असतो माणसाच्या डोक्याचा. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, पण तो असा कधी हातावर घेतलेला नव्हता. टॉवेलाची कड लागली. ती उलगडायला दहा मिनिटे लागली की पाच, हे त्यांना समजणे शक्य नव्हते, कारण मनगटावरचे घड्याळ डाव्या हातात होते आणि डावा हात अंगाखाली होता.

पितळ लागले, थंड. त्यांनी तर्जनी वाटीच्या आणि हातोडीच्या मध्ये घातली आणि वाट पाहू लागले.

जन्मभर ते वेळेची वाट पाहत आले होते. ती अशी कधी आली नव्हती. प्रथम यंत्रात एक बारीकशी खटक झाली, जी फक्त बोटाला कळली. मग हातोडी सुटली. एका बाजूची वाटी त्यांच्या बोटाने झाकली होती, दुसरी अंगठ्याने. हातोडी मध्ये सापडलेल्या माशीसारखी नखावर, पेरावर, पुन्हा नखावर आदळू लागली. लागत होते. पूर्ण चावी दिली तर गजर सत्तर सेकंद चालतो, हे त्यांना ठाऊक होते आणि चावी त्यांनी पूर्ण दिली होती. मनात मोजू लागले. तिसाच्या पुढे त्यांनी मोजणे सोडून दिले. बाहेर काहीच ऐकू येत नव्हते. दोरी जात होती, येत होती. पंखेवाली त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिने मान पलीकडे वळवली होती, जसे कोणी कपडे बदलत असताना वळवावी.

हातोडीचे घाव विरळ झाले. एक. आणखी एक. मग बोटाखाली नुसते पितळ राहिले.

त्यांनी हात काढण्यासाठी किंचित ओढला. काकू हलल्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत. चेहरा मात्र आक्रसला, पायाची बोटे ताठ झाली, आणि ओठ झोपेतच घाईघाईने जागे झाले.

"किती वाजले?"

पंखेवालीची दोरी अर्ध्यात थांबली.

"झाली का वेळ?"

"नाही," ते म्हणाले. "अजून खूप वेळ आहे."

काकूंचा चेहरा सैल झाला. त्यांनी कूस बदलली. त्यांचे डोके घसरून मिनिटकाकांच्या दंडावर आले आणि तिथेच राहिले. हात पिशवीत तसाच अडकला. थोड्या वेळाने पंखेवालीने दोरी पुन्हा ओढली आणि पडद्याची कड हलली.

त्या गावात त्या दिवशी कोणतीही गाडी भोंगा वाजवीत नव्हती. त्यामुळे दोनची गाडी केव्हा सुटली, ते मिनिटकाकांना कळले नाही.